सात नंबरचा पट्टा

म्हशीच्या नाकासमोर बंदूक धरून उभं राहायची नोकरी मला साठीच्या तोंडाशी लागली. बंदूक म्हणजे वायू मोजायचं हातातलं यंत्र. घोडा दाबला की समोर लाल ठिपका पडतो आणि त्या ठिपक्यापर्यंतच्या हवेत मिथेन किती आहे त्याचा आकडा दिसतो. त्याआधी पस्तीस वर्षं मी कोलशेतच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासत होतो. यंत्र खरं बोलतंय की खोटं, हे ओळखणं हाच माझा धंदा. त्यामुळे नौपाड्यातल्या एका छोट्या संस्थेने विचारलं, ‘म्हशींचे ढेकर मोजाल का?’, तेव्हा मी हसलो नाही. छाती काढून म्हणालो, ‘त्यात काय!’ माझ्या बहुतेक फजित्यांची सुरुवात या दोन शब्दांनी झालेली आहे.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो, त्यातून मिथेन तयार होतो, आणि तो बहुतेक सगळा तोंडावाटे, ढेकरातून बाहेर पडतो. हे मी घाईत वाचलं होतं, म्हणून पहिल्या दिवशी अर्धा तास मी म्हशीच्या चुकीच्या टोकाला उभा राहिलो. असो. हा मिथेन हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. चाऱ्यात जवस, लसूण आणि समुद्री शेवाळाची पूड मिसळली तर ढेकरातला मिथेन कमी होतो का, हे संस्थेला खऱ्याखुऱ्या तबेल्यात बघायचं होतं. मोजणीची एक फेरी पुडीआधी, दुसरी तीन महिने पूड खाऊ घातल्यावर.

तबेला टिटवाळ्याला. स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं. बारा खुंटे, बारा म्हशी, मागे शेणाचा उघडा खड्डा आणि खड्ड्यातून नाल्याकडे जाणारी मोरी. मालकीण इथलीच, जुन्या आगरी घरातली. नवरा गेल्यापासून एकटीच तबेला बघायची. वयाने माझ्याहून पाचसहा वर्षांनीच मोठी असेल, पण सगळी आळी तिला काकी म्हणायची म्हणून मीही म्हणू लागलो. दूध काढायला आणि चारापाण्याला उत्तरेकडचा एक पन्नाशीचा माणूस होता. त्याला सगळे चाचा म्हणत. तो वीस वर्षं तिथे होता आणि काकीसकट सगळ्यांवर हुकूम चालवायचा.

पहिल्या दिवशी काकीने मला आपादमस्तक न्याहाळलं.

“सायेब, तुमी म्हशींचे ढेकर मोजनार?”

“हो.”

“आनि शेन कोन मोजनार?”

“शेणाचं नंतर बघू, काकी. मुख्य वायू ढेकरात असतो.”

“शेनाचा वास आमाला येतो, ढेकराचा कोनाला येतो रं?”

मी तिला समजावून सांगितलं की जे वासाला येत नाही तेच जास्त घातक असतं. ती चाचाकडे वळून म्हणाली, “ढेकरवाले सायेब हायेत. चाय ठेव.” त्या दिवसापासून टिटवाळ्यात माझं तेच नाव पडलं. रिक्षावालेसुद्धा विचारायचे, “ढेकर ना? बसा.”

चाचाला पुडीचा डबा दिला तेव्हा त्याने झाकण उघडून वास घेतला. “साब, भैंस को चटणी खिलाओगे?” मी म्हटलं, दवा है. त्याने मान हलवली आणि म्हशीला म्हणाला, “खा ले, बिटिया. ठाणे से चटणी आयी है.”

नोंदी चुकू नयेत म्हणून मी पक्का बंदोबस्त केला. बारा निळे पट्टे आणले, त्यांवर पांढऱ्या रंगाने एक ते बारा आकडे काढले आणि एकेका म्हशीच्या गळ्यात बांधले. हे काम मी स्वतः केलं याचा मला फार अभिमान होता. सात नंबरच्या म्हशीने पट्टा बांधताना शेपटीने माझा चष्मा उडवला. पुढचे पंधरा दिवस ती मला बघितलं की मान झटकायची, फुरफुरायची, एकदा तिने माझी वहीच चाटून ओली केली. बारा म्हशींतली तेवढी एकच मला ओळखीची झाली. बाकी अकरा मला सारख्याच दिसायच्या. काळ्या. मी काकीला तसं म्हणालोही.

“सारख्या?” तिने हातातला झाडू थांबवला. “तुमच्या बिल्डिंगीतली मानसं तरी ओलखता का सायेब?”

मला वाटलं गंमत करते आहे.

काकीला काय हवं होतं ते मला महिन्याभरात कळलं. तबेल्यासमोर सात मजल्यांची नवी बिल्डिंग उभी राहिली होती. तिथल्या लोकांनी सह्या करून तक्रार केली होती: वास येतो, माश्या होतात, मोरीचं पाणी नाल्यात जातं. गंमत म्हणजे त्या सह्यांतले निम्मे लोक पहाटे स्टीलचे कॅन घेऊन काकीच्या दारात उभे असत. तबेल्याचं ताजं दूध हवं, तबेला नको. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने काकीला स्पष्ट सांगितलं होतं: पावसाळ्याआधी शेणाचा बंदोबस्त करा, नाहीतर तबेला इथून हलवा. हलवायचा म्हणजे कुठे? काकी म्हणायची, “मी काय म्हशी घेवून गच्चीवर जाऊ?”

आणि आमच्या संस्थेकडे नेमकं तेच होतं. ज्या तबेल्यात चटणीचा प्रयोग यशस्वी ठरेल, तिथे संस्था शेणासाठी झाकलेली गॅसटाकी बसवून देणार होती. शेण टाकीत, वास बंद, गॅस चुलीला, नाला मोकळा. निकाल माझ्या आकड्यांवर. एवढं सगळं माझ्या हातात आहे म्हटल्यावर मी काय करायला हवं होतं? तोंड बंद ठेवायला हवं होतं. मी दुसऱ्या फेरीची मोजणी सुरू व्हायच्या आधीच काकीला म्हणालो, “काकी, टाकी आली समजा.”

काकी शेणाची पाटी उचलून खड्ड्याकडे गेली. पण दुसऱ्या दिवशी चहाबरोबर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आली. मी खाल्ली. त्या भाकरीचा प्रत्येक घास पुढे माझ्या छातीवर बसला.

तीन महिने चटणी झाली. शिमगा होऊन गेला, उन्हाळा चढला. मग मी दुसरी फेरी केली. पाच दिवस, रोज सकाळी, एकेका म्हशीसमोर एक मीटरवर उभं राहून. आकडे बघून माझा विश्वास बसेना. मिथेन उतरला होता. थोडाथोडका नाही, चांगला उतरला होता. सात नंबरचा तर निम्म्यावर आला होता. आणि ती सात नंबरची, चष्मा उडवणारी, आता शांत उभी होती. नाकासमोर यंत्र धरलं तरी हलायची नाही. मोठ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघायची. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, “तिने मला ओळखलं. माणसाला जनावर ओळखतं तेव्हा काय वाटतं तुला सांगू...”

“अहो, आधी आंघोळ करा, मग सांगा,” बायको म्हणाली. “सगळ्या घरात लसूण आणि तबेला.”

मी अहवालाच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्यही घातलं: ‘जनावरांच्या स्वभावातही सुधारणा दिसते.’ ते वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो, इतकं मला ते आवडलं होतं.

संस्थेच्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, पैसे देणाऱ्या मंडळींना बोलावून मंगळवारी सादरीकरण ठेवलं. त्यात आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो दाखवावेत अशी टूम मीच काढली. म्हणून शनिवारी टिटवाळ्याला गेलो. मोबाइलमध्ये सात नंबरचा जुना फोटो होता, मान झटकताना. तिच्या शेजारी उभं राहून मी चाचाला म्हटलं, असाच एक काढ. काकी शेणाची पाटी खाली ठेवून आली आणि मोबाइलमध्ये डोकावली.

“ही कोन?”

“सात नंबर, काकी. जानेवारीतली.”

“ती तं गेली.”

“कुठे गेली?”

“आटली ना ती. दूध बंद झालं. शिमगा झाल्यावर गारीत घातली, मुरबारकडं. वाकड्या शिंगाची होती, लय खोडकर. यवरी चांगली म्हस, पन आटल्यावर काय करनार?”

मला ऐकू येत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. मी समोरच्या म्हशीकडे बोट केलं. “मग ही?”

“ही नवी.”

“पण हिच्या गळ्यात सातचा पट्टा...”

चाचाच मला समजावू लागला, लहान मुलाला समजवावं तसा. “साब, पट्टा तो जगह का है ना. चेन जगह की, रस्सी जगह की, घंटी जगह की. भैंस जाती है, भैंस आती है. सात नंबर की जगह, सात नंबर का पट्टा. हम एक भी गुम नहीं होने दिये.”

तबेल्याचा हा जुनाच रिवाज. म्हैस आटली की खेड्यावर पाठवायची, तिच्या खुंट्याला व्यायलेली ताजी आणायची. साखळी, दावं, घंटा, काहीच म्हशीबरोबर जात नाही. चाचाने माझे निळे पट्टे जिवापाड सांभाळले होते. एक म्हैस निघाली की गळ्यातला काढून धुवायचा आणि येणारीच्या गळ्यात घालायचा. एकदा तर पुसट झालेला आकडा त्याने रंग आणून नीट पुन्हा काढला होता. मी त्याचं कौतुक केलं होतं.

“किती बदलल्या?” मी विचारलं.

काकीने ओळीवरून नजर फिरवली. बोटांवर मोजलं नाही, नुसतं बघितलं. “सात. त्यातल्या चार तं तू मोजायला आलास त्याच हप्त्यात आल्या.”

“त्याच आठवड्यात?”

“हां साब,” चाचा म्हणाला. “ट्रक से उतरी भैंस चार-पाँच दिन मुँह नहीं लगाती. आप मशीन ले के खड़े थे, वो बेचारी भूखी खड़ी थी.”

म्हणजे माझा चमत्कार उपाशी होता. पोटात चारा नाही तर ढेकर कुठून येणार? आणि मला ओळखून शांत उभी राहणारी सात नंबर प्रवासाने गळाठली होती, एवढंच.

मी तिथेच पेंडीच्या पोत्यावर बसलो. काकीला वाटलं ऊन लागलं, तिने पाणी आणलं. मी पाणी पिऊन सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मंजे टाकी?”

“आकडे चुकले तर टाकी नाही.”

“तू तं सांगितलास, आली समज.”

मी पाण्याचं रिकामं भांडं तिला परत दिलं आणि स्टेशनची रिक्षा धरली.

पुढचे दोन दिवस मी घरात स्वस्थ बसलो नाही. गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत. मंगळवारी गप्प राहिलो तर? बारा पट्टे आहेत, बारा आकडे आहेत, कोणी म्हशींची तोंडं बघायला जाणार नाही. काकीला टाकी मिळेल, तबेला राहील. खोटं बोलायचंच नाही, फक्त खरं सांगायचं नाही. पस्तीस वर्षं यंत्रं तपासणाऱ्या माणसाने स्वतःशी केलेला हा हिशेब मी आज लिहितो आहे तो लाज वाटावी म्हणूनच. बायकोला विचारलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “तुम्हांला झोप येईल का?” मी म्हटलं, “नाही.” “मग विचारताय कशाला? आणि फिरू नका, फरशी ओली आहे.” मी फिरलो आणि घसरलो.

राहिलेल्या पाच म्हशींचे आकडे वेगळे काढले. दोन उतरल्या होत्या, दोन होत्या तिथेच होत्या, एक वर गेली होती. यातून काहीच म्हणता येत नव्हतं. चटणी कदाचित चांगली असेल, कदाचित नसेल. म्हणून मी पुन्हा मूळ वही काढली, म्हशीने चाटलेली. काही चुकून सुटलंय का बघायला. पानापानावर लाल शाईने खोडलेल्या ओळी होत्या. प्रत्येकीपुढे माझ्याच अक्षरात: ‘बाहेरचा अडथळा. आकडा धरू नये.’

तो अडथळा मला चांगला आठवत होता. तबेल्याच्या मागच्या बाजूला, शेणाच्या खड्ड्याजवळून गेलो की यंत्र वेड्यासारखं ओरडायचं. सुरुवातीला मला वाटलं बिघडलंय. मग मी शिस्तीने दर सकाळी खड्ड्याजवळचा आकडा घ्यायचो, लिहायचो आणि खोडायचो, म्हणजे तो ढेकरात मिसळू नये. खड्डा उघडा होता, आत शेण हवेशिवाय कुजत होतं आणि तिथूनही मिथेन सुटत होता, दोन्ही फेऱ्यांत, एकही सकाळ न चुकता. आणि शेणाला पट्टा नव्हता. ते कुठल्या म्हशीचं होतं याने काही फरक पडत नव्हता.

शेन कोन मोजनार, असं काकीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी मोजत होतो आणि खोडत होतो.

मंगळवारी नौपाड्याच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात दहाबारा माणसं बसली होती. पडद्यावर पहिलंच पान आलं: निळा पट्टा, त्यावर सात. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “ही म्हैस ती नाही.” सगळे हसले, त्यांना वाटलं माझी नेहमीची सुरुवात. मी पुढे बोलत गेलो तसतसं हसणं विरलं. बाईंचा चेहरा बघवत नव्हता. पैसे देणाऱ्यांतले एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे तुम्ही तीन महिने म्हशींऐवजी पट्टे मोजलेत?” मी म्हटलं, “हो. आणि पट्ट्यांचा मिथेन निम्म्यावर आलाय.” कोणी हसलं नाही. माझ्या विनोदांना वेळ कळत नाही ही माझी जुनी अडचण आहे.

मग मी वही उघडून खोडलेल्या ओळी वाचायला लागलो. एकेक सकाळ. बाईंनी हात पुढे करून वही घेतली आणि स्वतः चाळली. शेवटी म्हणाल्या, “चटणीचा प्रयोग रद्द. पुन्हा पहिल्यापासून, कानात बिल्ला मारून. आणि टाकी...” त्यांनी वही मिटली. “टाकी बक्षीस म्हणून द्यायची कल्पना आपलीच चुकली. खड्ड्यात आधी टाकी बसवू, मग तिथला आधीचा आणि नंतरचा आकडा बघू. पण हे आकडे तुम्ही घ्यायचे नाहीत.”

“मग कोण?”

“दुसरं कोणीतरी. तुम्ही यंत्र धरून शेजारी उभे राहा.”

टाकी म्हणजे काळ्या रबराची मोठी पिशवी निघाली. खड्डा खोल करून त्यात ती अंथरली, एका बाजूने शेणाचा काला आत, दुसऱ्या बाजूने मळी बाहेर, वरून गॅसची नळी. काकीने मंजुरीचं पत्र दाखवून अधिकाऱ्याकडून दीड महिन्याची मुदत मागून घेतली. ती मिळाली, पण पिशवी फुगेना. एक आठवडा गेला, दोन गेले. मी रोज सकाळी जाऊन पिशवीला बोट लावून बघायचो. चाचा म्हणायचा, “साब, दही जमा रहे हो क्या? छेड़ो मत.” समोरच्या बिल्डिंगीतले लोक कॅन हातात घेऊन बघत उभे राहायचे आणि विचारायचे, “झालं का?” मला रात्री स्वप्नात पिशवी दिसायची, चपटी. तिसऱ्या आठवड्यात ती एका कोपऱ्यातून जराशी उचलली. काकीने तिला हात लावून बघितला आणि म्हणाली, “पोटूशी झाली वाटतं.”

अधिकारी आले त्या सकाळी पिशवी पुरती टरटरून फुगलेली होती. ते मोरीजवळ गेले, नाक पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. आकडा घ्यायला संस्थेने एक तरुण मुलगी पाठवली होती. तिने खड्ड्याच्या जागी यंत्र रोखलं. यंत्र गप्प. मी म्हटलं, थांब, सेल गेले असतील. नवे घातले. यंत्र गप्प. मी चाचाला आणखी दोन सेल आणायला धाडलं.

“आता कशाला?” काकी ओरडली. “वास नाय, यंतर बोलत नाय, आनि तू सेल बदलतंस!”

“काकी, मला खात्री...”

“तुना खात्री कधी झाली ती सांग. ढेकर मोजताना झाली होती!”

मुलीने यंत्र माझ्या हातातून हळूच काढून घेतलं, बाहेरच्या मळीच्या टोकाशी धरलं. तिथे ते बारीक आवाजात बोललं. चालू होतं म्हणजे. नळीचा जोड जरा ढिला होता, तिथेही बोललं. चाचाने जोड आवळला, पुन्हा गप्प. अधिकाऱ्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि काकीला म्हणाले, “सध्या राहू दे. सहा महिन्यांनी पुन्हा येईन. तोवर असंच बंद पाहिजे सगळं.” काकीने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि त्यांना चहाचं विचारलं. ते नको म्हणाले. जाताना अर्धा लिटर दूध मात्र घेऊन गेले.

चटणीचा प्रयोग पुन्हा सुरू झालाय, कानात बिल्ले मारून. पण काकीची एक अट आहे. मोजणी सुरू करायच्या आधी ती बिल्ल्यावर हात झाकून धरते आणि विचारते, “ही कोन?” मी शिंगं बघतो, कपाळ बघतो, डोळ्यांकडे बघतो. चुकलो की त्या दिवशी चहा नाही. गेल्या आठवड्यात पहिल्या आठ बरोबर आल्या. नववीला मी फार वेळ लावला. तिने मान झटकली, फुरफुरली, आणि शेपटीने माझा चष्मा उडवला.

“सात नंबर!” मी ओरडलो. “वाकड्या शिंगाची! परत आली!”

काकीने बिल्ल्यावरचा हात काढला. सात नव्हता, चार होता. पण ती हसत होती. “मुरबारवरना काल आली. व्यायली. जागा चारचीच रिकामी होती, बिल्ला पन तोच उरला होता.” मग चाचाकडे वळून म्हणाली, “दे याला चाय. तोंड ओलखलंन.”